कमी बजेटमध्ये रानात वापरायचा कोयता कसा निवडायचा: धार सगळ्यात शेवटी बघा

कोल्हापुरात कोयता घ्यायला गेलेला माणूस दुकानात काय करतो ते एकदा उभं राहून बघा. कोयता उचलतो, पात्यावरून अंगठा फिरवतो, "लई धार हाय की" म्हणतो आणि पैसे काढतो. दोन-तीन महिन्यांत त्याच पात्याला खांडं पडलेली असतात, मूठ खुळखुळायला लागलेली असते आणि कोयता गोठ्यात कुठंतरी पडलेला असतो. मग पुढच्या वेळी दुप्पट पैसे घालतो आणि परत अंगठाच फिरवतो.

धार कुठल्याही पात्याला कानशीनं घरी लावता येते. पण लोखंड कसलं आहे, त्याला पाणी नीट दिलंय का, म्हणजे तापवून बुडवून कडक केलंय का, आणि मूठ कशी बसवलीय या गोष्टी घरी आणल्यावर सहजासहजी बदलता येत नाहीत, म्हणून तपासायचा क्रम काम, माप, लोखंड, पाणी, मूठ आणि मग धार असाच ठेवायचा.

बांध साफ करणं, झावळ्या पाडणं, बांबू तोडणं, रानात चुलीवर मटण करायचं तर जळण तोडणं, असल्या कामांसाठी ज्यांना एकच बरा कोयता पाहिजे आणि खिशात फार पैसे नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

टप्पा १: आधी काम ठरवा

"सगळ्याला चालंल असा द्या" हे वाक्य दुकानात बोलू नका. सगळ्याला चालणारा कोयता नसतो, तुमचं बहुतेक काम कसलं आहे त्यावर माप ठरतं.

गवत, घाणेरी, रानमोडी, केळीची पानं असलं मऊ आणि पसरलेलं काम असेल तर पातं लांब आणि पातळ पाहिजे, १४ ते १६ इंच लांब, अडीच-तीन मिलिमीटर जाड, मुठीसकट वजन अर्ध्या किलोच्या आत. असला कोयता वेगानं फिरतो आणि वेगच कापतो.

बांबू, झावळ्या, मनगटाएवढ्या ओल्या फांद्या असं मिश्र काम असेल तर ११ ते १३ इंच, पाठीला ४ मिलिमीटरच्या आसपास, वजन ६०० ते ७०० ग्रॅम. दहातल्या आठ जणांनी हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

वाळलेलं, गाठीचं जळण फोडायचं असेल तर कुऱ्हाड घ्या. ५-६ मिलिमीटर जाड पाठीचा, ८०० ग्रॅमचा कोयता घेऊन लोक बाभळीच्या बुंध्यावर तुटून पडतात, त्यात हातही जातो आणि पातंही.

दोन चुका सारख्या होतात. एक म्हणजे ऊसतोडीचा कोयता स्वस्त मिळतो म्हणून तोच लाकडाला वापरायचा. त्याचं पातं रुंद आणि पातळ असतं, ते ओल्या उसाला बुडात एका घावात तोडायला केलेलं आहे, वाळक्या बाभळीवर ते वाकतं नाहीतर खांड पडतं. दुसरी म्हणजे शहाळंवाल्याच्या हातातला कोयता बघून तसलाच मागायचा. तो जाड आणि जड असतो, शहाळं सोलायला तसाच लागतो, पण तेवढं वजन घेऊन तासभर घाणेरी तोडून बघा, खांदा बोलायला लागतो.

टोकाचं पण इथंच ठरवा. पुढं आकडीसारखं वळलेलं टोक काटेरी फांदी ओढायला चांगलं आणि घाव चुकला तर धार दगडावर आपटायची शक्यता कमी होते. पण त्या वळणात सपाट कानस बसत नाही, अर्धगोल कानस लागते. सरळ टोकाला धार लावणं सोपं. नवीन माणसानं सरळ किंवा अगदी थोडं वळलेलं घ्यावं.

तपासा: कोयता हातात धरून हात सरळ पुढं करा आणि मिनिटभर तसाच ठेवा. मनगट खाली झुकायला लागलं तर तो तुमच्यासाठी जड आहे. दुकानदार काहीही म्हणू दे, हलका मागा.

टप्पा २: कुठं न्यायचा आहे ते बघा

हा टप्पा लोक गाळतातच. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रातून वगळल्या आहेत. पण शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे जे चाकू घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले नाहीत ते शस्त्रात धरलेत. म्हणून साधा लोहाराचा शेतीचा कोयता आणि ऑनलाइन मिळणारा, बोटं घालायच्या कड्याचा, पाठीला दात असलेला काळा 'जंगल नाईफ' यांच्याकडं एकाच नजरेनं बघितलं जात नाही. तसला घेऊ नका. कामालाही तो बेकारच असतो, ते पुढं येईलच.

शिवाय सण, निवडणूक, तणाव असला की जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७ खाली बंदी आदेश निघतात, त्यात इजा करता येईल अशी वस्तू घेऊन फिरायला मनाई असते. कोयता गँगच्या बातम्यांनंतर तर रस्त्यात उघडा कोयता दिसला की चौकशी होणारच. रानात नेताना म्यानात, पोत्यात गुंडाळून, दोरीनं बांधून न्या. गाडीच्या हँडलला लटकवू नका, आणि कोयता हातात घेऊन रील तर अजिबात काढू नका.

सावध: दाजीपूरला, म्हणजे राधानगरी अभयारण्यात, कोयता नेऊच नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि तिथं फांदी तोडणं हा वेगळा गुन्हा आहे. आपलं रान, आपला बांध, किंवा मालकाला विचारून त्याचं रान, एवढंच.

टप्पा ३: पैसे आधीच वाटून ठेवा

समजा खिशात एकूण १००० रुपये आहेत. सगळे पात्यावर घालू नका. निम्मे कोयत्याला, पाव भाग कानस आणि दगडाला, राहिलेल्यात म्यान, तेल आणि मुठीची डागडुजी. बजेट ५०० असलं तरी वाटणी हीच. कानस नसलेला महागडा कोयता पावसाळा संपायच्या आत बोथट होऊन बसतो, आणि साध्या कोयत्याबरोबर चांगली कानस असली तर तो वर्षानुवर्षं चालतो.

टप्पा ४: लोखंड ओळखा

दुकानात किंवा आठवडी बाजारात जाताना खिशात एवढं घेऊन जा: कानशीचा जुना तुकडा, पांढरा खडू, चिंधी, छोट्या बाटलीत थोडं डिझेल, आणि मेजरिंग टेप. लोहचुंबक न्यायची गरज नाही. चुंबक चिकटलं म्हणजे चांगलं लोखंड असं काही नसतं, सुऱ्यांना वापरतात त्या बऱ्याच स्टेनलेसलाही चुंबक चिकटतं आणि साध्या एमएस (माइल्ड स्टील, मऊ लोखंड) पट्टीलाही.

स्वस्तातला सगळ्यात भरवशाचा माल म्हणजे गाडीच्या कमानपाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा कोयता. पाट्याच्या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, त्यामुळं पाणी दिलं की ते कडक होतं आणि तरी मार सोसतं. एमएस पट्टीत कार्बन इतका कमी असतो की कितीही वेळा तापवून पाण्यात घाला, पातं मऊच राहणार. बाहेरून दोन्ही सारखेच काळे दिसतात, गडबड इथंच होते.

लोहाराकडं किंवा घिसाड्यांच्या पालावर घेत असाल तर सरळ विचारा, "मामा, पाट्याचा हाय का पट्टीचा?" हातानं काम करणारा माणूस बहुतेक वेळा खरं सांगतो, आणि पट्टीचा असला तर किंमतही तशीच सांगतो. शक्य असलं तर ग्राइंडरवर पाठीला हलकेच टेकवायला सांगा आणि ठिणग्या बघा. पट्टीच्या ठिणग्या लांब, सरळ, साध्या रेघा काढत जातात. पाट्याच्या ठिणग्या पुढं जाऊन फुटतात, फाटे फुटलेल्या चांदण्यांसारख्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉपला काम केलेल्या कुणालाही ओळखता येतं, दोन्ही एकदा शेजारी शेजारी बघितलं की तुम्हालाही येईल.

जुन्या पाट्यात एक धोका असतो. गाडीखाली वर्षानुवर्षं वाकून वाकून त्यात बारीक तडे गेलेले असू शकतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, त्यासाठीच खडू आणि डिझेल. पातं चिंधीनं पुसा, डिझेलचं बोट फिरवा, दोन मिनिटं थांबा, मग कोरड्या चिंधीनं एकदम स्वच्छ पुसून काढा आणि वरून खडू घासा. तडा असला तर आत शिरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी ओली काळपट रेघ उमटते. मुठीजवळचा भाग आणि धारेची कड नीट बघा. रेघ दिसली की तो कोयता खाली ठेवायचा, अर्ध्या किमतीत दिला तरी घ्यायचा नाही.

आता ते काळे 'जंगल नाईफ'. स्टेनलेस छोट्या सुरीला उत्तम, पण एवढ्या लांब पात्यानं लाकडावर घाव घालायचे तर स्वस्तातलं स्टेनलेस एकतर वाकतं नाहीतर कट्कन तुटतं, आणि तुटलेलं टोक कुठं उडेल सांगता येत नाही.

टप्पा ५: पाणी बघा

लोखंड चांगलं असून पाणी चुकलं तर सगळं वाया. कानशीचा तुकडा धारेच्या कडेवर एकदा, हलक्या हातानं ओढा. विचारून करा, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. कानस लोण्यात शिरल्यासारखी खात गेली तर पातं मऊ आहे. काचेवर घसरावी तशी सरकली, जराही चावली नाही, तर जास्त कडक आहे, गाठीवर घाव बसला की टवका उडणार. जोर लावल्यावर चावते, थोडा बारीक भुसा पडतो, हे बरोबर.

मग हेच पाठीवर करा. चांगला लोहार फक्त धारेकडच्या बाजूला पाणी देतो, पाठ मऊ ठेवतो. पाठीवर कानस सहज चावली आणि धारेवर अडखळली तर करणाऱ्याला काम येतंय असं समजा.

त्यानंतर आवाज. मुठीला दोन बोटांत सैल धरून पात्यावर नाणं मारा. टण्ण असा लांबणारा आवाज पाहिजे. थप्प वाजलं तर कुठंतरी तडा असू शकतो, पण मूठ सैल असली तरी आवाज बसतो, म्हणून आधी मूठ हलवून बघा आणि मग निकाल द्या.

धारेच्या कडेला निळे-जांभळे डाग दिसले तर ग्राइंडर दाबून धरल्यानं धार जळलीय, तेवढ्या जागेचं पाणी उतरलंय. डाग अगदी कडेलाच असला तर एक-दोन मिलिमीटर कानशीनं खाऊन टाकता येतं, भाव कमी करून घ्यायला हरकत नाही. निळा पट्टा आत बोटभर गेला असला तर सोडा.

तपासा: कोयता डोळ्यासमोर धरून मुठीकडनं टोकाकडं पाठीची रेघ बघा. पाण्यात घालताना पातं पिळलं असेल तर इथं कळतं. पिळलेलं पातं घरी ठोकून सरळ करायला जाऊ नका.

टप्पा ६: मूठ

पातं तुटण्यापेक्षा मूठ निसटून लागलेलं जास्त असतं. मुठीच्या आत पात्याची शेपटी किती लांब गेलीय ते विचारा. ती आरपार जाऊन मागच्या टोकाला वाकवून ठोकलेली असेल तर उत्तम. दोन इंचाची शेपटी नुसती लाकडात ठोकून दिलेली असेल तर उन्हाळ्यात लाकूड आटलं की निघणार. पुढच्या तोंडाला लोखंडी कडं पाहिजेच, नाहीतर लाकूड उभं चिरतं.

लाकूड बाभळीचं असलं तर डोळे झाकून घ्या. निलगिरीची मूठ चिरते. पात्याला लोखंडी पाइप वेल्डिंग करून केलेली मूठ टाळा, वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ पडतं आणि तिथंच तुटतं, वर प्रत्येक घावाचा हादरा कोपरापर्यंत येतो.

मूठ वळल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. तळव्यात रुतत असली तर मूठ बारीक आहे, टेकतच नसली तर जाड. मागचं टोक थोडं फुगलेलं असावं म्हणजे घामानं हात घसरला तरी अडतो.

घरी आल्यावर मुठीवरचं चकचकीत वॉर्निश काचेच्या तुकड्यानं खरवडून काढा, त्यानंच हाताला फोड येतात. मग जवसाचं तेल चोळून पूर्ण सुकू द्या. शेंगतेल लावू नका, ते चिकट राहतं.

सावध: जवसाच्या तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

टप्पा ७: आता धार

दुकानातली धार ही दाखवायची धार असते, ती कायम ठेवायची नाही. ८ किंवा १० इंची सपाट कानस, धार लावायचा दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड, जाड हातमोजे आणि एक काळा मार्कर घ्या.

कोयता पाटावर ठेवून क्लॅम्पनं आवळा, धार तुमच्यापासून लांब. मांडीवर ठेवून कानस मारायची सवय असेल तर आजच सोडा. धारेच्या कडेला मार्करनं रेघ मारा. कोन मोजायला वहीच्या कागदाचा कोपरा दुमडा, ९० चा ४५, परत दुमडला की साडेबावीस अंश. मिश्र कामाच्या कोयत्याला प्रत्येक बाजूनं हाच कोन ठेवा. फक्त गवताला थोडा कमी, लाकडाला थोडा जास्त.

कानस फक्त पुढं ढकलताना दाबा, मागं आणताना उचला, मागं घासत आणली की कानशीचे दात जातात. मार्कर कुठनं पुसला जातोय ते बघत राहा, काळा भाग राहिला तिथं कानस टेकतच नाही. मुठीपासून टोकापर्यंत एकसारखे हात मारा, एकाच जागी घासत बसलात तर पात्याला खळगा पडतो. एका बाजूनं मारत गेल्यावर दुसऱ्या बाजूला बारीक बर, म्हणजे वळलेली पातळ कड येते, नखाला अडकते. टोकापासून मुठीपर्यंत सगळीकडं बर लागली की बाजू बदला. शेवटी दगड ओला करून दोन्ही बाजूंनी हलके हात मारून बर काढा.

रस्त्यावरच्या मशीनवर धार लावून घेणार असाल तर डोळ्यासमोर करून घ्या आणि पातं सारखं पाण्यात बुडवायला सांगा, नाहीतर धार परत जळते.

तपासा: वर्तमानपत्राचा कागद फाडून बघायचं खूळ इथं नको. हिरव्या बांबूच्या कांडीवर धार टेकवून हलकेच पुढं ढकला. घसरली तर अजून काम बाकी, चावली तर झालं.

टप्पा ८: पहिल्या दिवशी जपून

सुरुवात ओल्या, मऊ फांदीपासून करा. वीसेक घाव घातले की थांबा आणि धार उजेडात आडवी धरून बघा. कड एका बाजूला मुडपली असेल तर पाणी कमी पडलंय. टवके उडाले असतील तर कडक जास्त आहे. दोन्हीत कोयता लोहाराकडं परत घेऊन जा, पहिल्या दिवशी नेला तर बहुतेक जण परत पाणी देऊन देतात, सहा महिन्यांनी नेलात तर कोण ऐकणार.

घाव काटकोनात घालू नका, तिरका घाला. पाय घावाच्या रेषेत नको, कोयता चुकून पुढं गेला तर मातीत जाईल असं उभं राहा. दुसऱ्या हातानं फांदी धरायची असेल तर घावाच्या जागेपासून हातभर लांब. जवळ कुणी उभं असलं तर काम थांबवा, लहान मुलं असली तर कोयता म्यानात. वाकून ताणलेली फांदी तोडताना ती उसळून तोंडावर येते, ताणाच्या बाजूला उभे राहू नका. जड कोयत्याला मनगटात दोरी अडकवू नये असं मला ठाम वाटतं, हातातून सुटला की तो दोरीला धरून परत तुमच्याकडंच फिरतो.

लाकूड फोडताना पातं अडकलं तर पाठीवर लाकडाचा ठोकळा मारा, लोखंडी हातोडा नको.

सावध: घाणेरीत किंवा उसाच्या पाचटात कोयता घालायच्या आधी काठीनं आपटून घ्या, घोणस सहजी हलत नाही. आणि खोल लागलंच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका, १०८ ला फोन करा, धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

टप्पा ९: म्यान आणि पाऊस

स्वस्त म्यान पाहिजे असेल तर पीव्हीसी पाइपचा तुकडा गरम करून दोन फळ्यांत दाबून चपटा करा, खालचं तोंड उघडं ठेवा म्हणजे पाणी निथळतं. पाइप मोकळ्या हवेत गरम करा आणि जाळू नका, धूर वाईट असतो. चामड्याचं करून घेतलं तर दिसायला झकास, पण ते फक्त नेण्याआणण्यापुरतं. कोयता त्यातच ठेवून दिला तर चामड्यातला ओलावा पात्याला गंज आणतो.

काम झालं की चीक, उसाचा रस, बाभळीचा काळपटपणा पाण्यानं धुऊन, पुसून, पातं कोरडं करा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. कोल्हापुरातच पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो, धो धो पावसाच्या गगनबावड्याकडं तर विचारूच नका. जून ते सप्टेंबर वापर असो वा नसो, आठवड्यातून एकदा तेल. गंज दिसला तर दगडावर राखेनं घासून काढा, ग्राइंडर लावू नका.

मुठीजवळ तडा दिसला तर वेल्डिंग मारून परत वापरायला घेऊ नका, भंगारात घाला. मूठ चांगली असली तर काढून ठेवा, पुढच्या पात्याला बसंल.